वाळूचा कण आणि फुप्फुसांतील वण

कोल्हापुराहून पुणें-बंगळूर महामार्गानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे कागलच्या परिसरांत कारखान्यांची एक मोठी वसाहत लागते. कागल व हातकणंगले या दोन तालुक्यांच्या हद्दींत ती पसरलेली असून ‘पंचतारांकित एमआयडीसी’ या नांवानें ती सर्वांस परिचित आहे. नांव ऐकून एखाद्या परक्या माणसास तेथें मोठमोठीं हॉटेलें असावींत असें वाटेल. परंतु तेथें पाहुण्यांची नव्हे, तर लोखंडाची, सुताची व यंत्रांची उठबस चालते. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील, चुलते व थोरले बंधु सकाळच्या पाळीस डबा घेऊन अशा कारखान्यांत जातात. त्यांच्या घामावर घरोघरच्या चुली पेटतात आणि मुलांचीं पुस्तकेंहि येतात.

एकदां आम्ही वरच्या वर्गांतील कांहीं मुलांसह तेथील एक ओतकामाचा कारखाना, म्हणजे ज्यास सर्व लोक फौंड्री म्हणतात तो, पाहावयास गेलों. एका बाजूस भट्टींत लोखंडाचा रस तळपत होता. दुसऱ्या बाजूस काळ्या ओलसर वाळूचे साचे रांगेनें मांडले होते. छपराच्या एका फटींतून उन्हाची तिरीप आंत आली होती व तिच्यांत असंख्य कण नाचत होते. तें पाहून एका मुलानें विचारलें, “गुरुजी, ही धूळ अंगाला लागली तर आंघोळ केली कीं जाते. मग श्वासाबरोबर आंत गेलेली कां जात नाहीं?”

प्रश्न साधा होता. पण त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस रसायनशास्त्राचें, शरीरशास्त्राचें व कामगारांच्या कायद्याचें अशीं तिन्ही दारें ठोठवावीं लागलीं. तेंच उत्तर आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें सविस्तर देत आहों.

प्रथम ही वाळू काय आहे तें पाहूं. कोल्हापूरचें ओतकाम आज देशभर नांवाजलेलें आहे. शिवाजी उद्यमनगरांतून निघून हा धंदा शिरोली व गोकुळ शिरगांव येथें वाढला आणि पुढें कागलपर्यंत येऊन पोंचला. विहिरीवरच्या ऑईल इंजिनांपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत नानाविध वस्तु येथें ओतल्या गेल्या आहेत. ओतण्याची रीति थोडक्यांत अशी: बारीक वाळूंत बेंटोनाइट नांवाची चिकट माती, थोडी कोळशाची भुकटी व पाणी मिसळून ती नमुन्याभोंवतीं ठोकून बसवितात. नमुना काढून घेतला कीं आंत त्याच्याच आकाराची पोकळी राहते. तिच्यांत सुमारें १,४०० अंश सेंटिग्रेड उष्णतेचें वितळलेलें लोखंड ओततात. लोखंड थिजलें म्हणजे साचा फोडतात, चिकटलेली वाळू झाडतात, आणि शेवटीं ग्राइंडरच्या चाकावर कडा घांसून वस्तु साफ करितात. साचा भरतांना वाळू ओली असते, म्हणून ती फारशी उडत नाहीं. परंतु लोखंडाच्या उष्णतेनें ती कोरडी ठणठणीत होते, कित्येक दाणे तडकून त्यांचें पीठ होतें, आणि साचा फोडतांना व कडा घांसतांना तें पीठ हवेंत उसळतें.

ही वाळू म्हणजे सिलिका. सिलिकॉन व प्राणवायु यांचें संयुग. ज्या गारगोट्या एकमेकींवर घांसून अंधारांत ठिणग्या पाडण्याचा खेळ मुलें खेळतात, त्याहि याच पदार्थाच्या. नदीकांठच्या वाळूंत खेळून कोणास हा रोग होत नाहीं, कारण तिचे दाणे मोठे असतात. भय आहे तें दाण्याचें नव्हे, पिठाचें. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील एका भागास मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. जे कण पांच मायक्रॉनहून लहान असतात तेच मुख्यतः फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचतात. उन्हाच्या तिरिपींत आम्हांस जे कण ठळक दिसले ते बहुतेक मोठे, म्हणून कमी अपायाचे. खरे वैरी त्यांच्या आड लपलेले होते. यावरून विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी: कारखान्याची हवा स्वच्छ दिसते म्हणून ती स्वच्छ असतेच असें नाहीं.

आतां फुप्फुसाकडे वळूं. श्वासनलिका झाडाच्या फांद्यांप्रमाणें फुटत फुटत शेवटीं अत्यंत सूक्ष्म पिशव्यांत संपते. यांस वायुकोश म्हणतात. मोठ्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून असे तीस ते पन्नास कोटि वायुकोश असतात. ते सर्व उलगडून पसरले तर सुमारें ७० चौरस मीटर, म्हणजे एका लहानशा घराएवढी, जागा व्यापतील. वायुकोशांतील हवा व शेजारचें रक्त यांच्यामधील पडदा एका मायक्रॉनपेक्षांहि पातळ असतो. त्यांतूनच प्राणवायु रक्तांत शिरतो. या पडद्याच्या पातळपणावर आपलें जीवन अवलंबून आहे. तो जाड झाला कीं छाती हवेनें भरूनहि जीव गुदमरतो.

या नाजूक जागेच्या रक्षणासाठीं निसर्गानें तीन चौक्या बसविल्या आहेत. पहिली नाकांतील केंसांची व ओलाव्याची. दुसरी श्वासनलिकेंतील कफाची; तेथें सूक्ष्म रोम अहोरात्र हालत राहून धूळ चिकटलेला कफ वर ढकलतात, आणि तो खोंकल्याबरोबर बाहेर पडतो किंवा नकळत गिळला जातो. पाळी संपवून घरीं आल्यावर जो काळा कफ पडतो तो या दुसऱ्या चौकीचा पराक्रम होय. वायुकोशांत मात्र असे रोम नाहींत. तेथें तिसरी चौकी आहे ती भक्षक पेशींची. या पेशी वायुकोशांतून गस्त घालीत फिरतात; जंतु, काजळी, जें कांहीं परकें सांपडेल तें गिळतात, व त्यांतील पुष्कळसें आपल्या पोटांतील तीव्र रसांत विरघळवून टाकतात.

गारेचा कण तेवढा विरघळत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे. भक्षक पेशी तो कण गिळते, पण तो तिला पचत नाहीं. नुकत्याच फुटलेल्या कणाचा पृष्ठभाग रासायनिक दृष्ट्या फार तिखट असतो. त्यानें पेशीच्या आंतील रसाची पिशवी फाटते, रस पेशींतच सांडतो आणि पेशी मरते. ती मेली म्हणजे कण पुनः मोकळा होतो, व दुसरी पेशी त्यास गिळावयास धांवते. तिचीहि तीच गत होते. असा एकच कण वर्षानुवर्षें एकामागून एक शिपाई मारीत राहूं शकतो. अंगावरची धूळ पाण्यानें धुतली जाते. या जागीं मात्र पाणी पोंचत नाहीं, आणि जो झाडूवाला पोंचतो तोच बळी पडतो.

उरलेलें अर्धें उत्तर अधिक नवलाचें आहे. भक्षक पेशी मुकाट्यानें मरत नाहीं. ती हाकाटी करिते व शस्त्रें उपसते. त्या शस्त्रांत एक वायु असा आहे कीं त्याची हकीकत प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचावी. त्याचें नांव नायट्रिक ऑक्साइड.

या वायूचा एक रेणु म्हणजे नत्राचा एक अणु व प्राणवायूचा एक अणु. याहून साधा रेणु क्वचितच सांपडेल. दंतवैद्य वापरतात तो ‘हंसविणारा वायु’ निराळा. त्यांत नत्राचे दोन अणु असतात. इंग्लंडांतील जोसेफ प्रीस्टली यानें १७७२ च्या सुमारास नायट्रिक ऑक्साइडाचा अभ्यास केला. त्यानंतर सुमारें दोनशें वर्षें या वायूची ओळख एक उपद्रवी वायु एवढीच होती. आकाशांतील विजेच्या तापानें व मोटारींच्या इंजिनांत तो उत्पन्न होतो, आणि हवेंतील प्राणवायूशीं मिळून तांबूस तपकिरी, विषारी असा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. असला वायु आपलें शरीर मुद्दाम तयार करीत असेल हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

१९७७ सालीं फेरिड मुराद यांनीं दाखविलें कीं, हृदयाच्या दुखण्यावर दिलें जाणारें नायट्रोग्लिसरीन शरीरांत नायट्रिक ऑक्साइड सोडतें, व त्यामुळें रक्तवाहिन्यांचे स्नायु सैल पडतात. १९८० सालीं रॉबर्ट फर्चगॉट यांस आढळलें कीं, रक्तवाहिनी एका विशिष्ट द्रव्यानें सैल होण्यास तिचें आंतील अस्तर शाबूत असावें लागतें. म्हणजे तें अस्तर स्नायूंस कांहीं अज्ञात निरोप धाडीत असलें पाहिजे. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, असें १९८६ सालीं फर्चगॉट व लुइस इग्नारो यांनीं आपापल्या संशोधनावरून सांगितलें. या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस १९९८ सालचें वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

यांत दैवाचा एक विनोद आहे. ज्या आल्फ्रेड नोबेलच्या नांवाचें हें पारितोषिक, त्यानें नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट बनवून संपत्ति मिळविली. आणि तें स्फोटक द्रव शोषून घेण्यासाठीं त्यानें जी माती वापरली ती मुख्यतः सिलिकेचीच होती, जरी त्या सिलिकेचें रूप गारेहून निराळें होतें. पुढें त्याचें हृदय दुखूं लागलें तेव्हां वैद्यांनीं त्यास नायट्रोग्लिसरीनच घ्यावयास सांगितलें. आमच्या आजच्या गोष्टींतील दोन्ही पात्रें अशीं एकाच माणसाच्या चरित्रांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं शेजारीं येऊन बसलीं होतीं.

अन्नांतील प्रथिनांत आर्जिनीन नांवाचें एक अमिनो आम्ल असतें. त्यापासून शरीर हा वायु तयार करतें. तें काम करणारीं विकरें, म्हणजे शरीरांतील रासायनिक कारागीर, तीन प्रकारचीं आहेत. एक मुख्यतः मज्जातंतूंच्या पेशींत असतें व दुसरें रक्तवाहिन्यांच्या अस्तरांत. हीं दोन्ही नेहमीं हजर असतात व गरजेपुरता अत्यल्प वायु देऊन थांबतात. तिसरें विकर भक्षक पेशींत व इतर कांहीं पेशींत संकटाची हांक आली म्हणजेच मोठ्या प्रमाणावर तयार होतें; पण एकदां कामास लागलें कीं तासच्या तास पुष्कळ वायु ओतीत राहतें. पहिल्या दोहोंस देवघरांतील समई म्हटलें तर हें तिसरें म्हणजे रान जाळण्यासाठीं पेटविलेला वणवा होय.

समईचे उपकार थोडे नाहींत. तिच्यामुळें फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैल राहतात व रक्त सुखानें वाहतें. नाकाशेजारच्या हाडांतील पोकळ्यांतहि हा वायु तयार होतो, आणि नाकानें घेतलेल्या श्वासाबरोबर तो खालीं फुप्फुसांत जातो. आपल्या प्रत्येक उच्छ्वासांत त्याचा अंश असतो. दम्याच्या पुष्कळ रोग्यांत तो वाढलेला आढळतो, म्हणून डॉक्टर तो मोजूनहि पाहतात. वणव्याचाहि उपयोग आहे. शिरलेल्या जंतूंस मारण्याच्या कामीं भक्षक पेशी त्याचा शस्त्राप्रमाणें उपयोग करितात. जंतु मेले कीं वणवा विझतो. पण गारेचा कण मरत नाहीं, म्हणून त्याच्याभोंवतींचा वणवा विझत नाहीं. सर्व अनर्थाचें मूळ येथें आहे.

अशा वेळीं भक्षक पेशी प्राणवायूचें सुपरऑक्साइड नांवाचें एक तापट रूपहि सोडीत असतात. तें व नायट्रिक ऑक्साइड भेटतांच पेरॉक्सिनायट्राइट नांवाचें दाहक द्रव्य बनतें. तें आपपर पाहत नाहीं. पेशींचे पडदे, प्रथिनें, आनुवंशिक द्रव्य, जें जवळ सांपडेल त्यास तें इजा करितें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, ज्या उंदरांच्या शरीरांत तें तिसरें विकर तयारच होत नाहीं, त्यांच्या फुप्फुसांस सिलिकेपासून होणारी इजा कमी असते. या वणव्याचा दोष असा केवळ तर्कानें नव्हे, तर प्रयोगानें दिसून आला.

आतां पेशींच्या वाढीचा विचार करूं. खेळतांना गुडघा फुटला म्हणजे जखमेच्या जागीं तंतुजनक पेशी जमतात, त्यांची संख्या वाढते, आणि त्या कोलॅजेन नांवाचे बळकट धागे विणून जखम भरून काढतात. जखम भरली कीं त्यांनीं थांबावयास हवें. ‘वाढा, विणा’ अशी आज्ञा देणारीं द्रव्यें शरीरांत आहेत. टीजीएफ-बीटा हें त्यांतील प्रमुख. ‘आतां पुरे’ असें सांगणारींहि आहेत, आणि त्यांत मोजक्या प्रमाणांतील नायट्रिक ऑक्साइड येतो. प्रयोगशाळेंत असें आढळतें कीं, थोडा नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिनीच्या अस्तरांतील पेशींस जगण्यास व वाढण्यास साह्य करितो, पण भोंवतालच्या स्नायुपेशींच्या व तंतुजनक पेशींच्या अनावर वाढीस आळा घालतो. तोच फार झाला कीं पेशींचें आनुवंशिक द्रव्य बिघडतें, त्यांची वाढ खुंटते व पुष्कळ पेशी मरतात. एकच रेणु, पण प्रमाण व जागा पाहून तो माळ्याची कात्री होतो किंवा लांकूडतोड्याची कुऱ्हाड होतो.

सिलिकेनें ग्रासलेल्या फुप्फुसांत दोन्ही बाजूंनीं हानि होते. कुऱ्हाडीनें वायुकोशांचें नाजूक अस्तर मरतें. आणि मोजका वायु पेरॉक्सिनायट्राइट बनण्यांत खर्ची पडल्यामुळें कात्रीहि दुबळी होते. मरणाऱ्या पेशींच्या हांकेनें टीजीएफ-बीटा वाढतें व तंतुजनक पेशी न थांबतां विणीत सुटतात. प्रथम मोहरीएवढ्या गांठी होतात. रोग बळावला तर त्या एकमेकींस मिळून मोठे गोळे बनतात. हाच सिलिकोसिस. या सर्वांत नायट्रिक ऑक्साइड हा एकटाच गुन्हेगार आहे असें मात्र कोणी समजूं नये. या कटांत इतर पुष्कळ द्रव्यें सामील असतात, व कटाचा सूत्रधार तो गारेचा कणच होय.

गुडघ्यावरच्या वणानें चालण्यास अडथळा होत नाहीं. उलट मुलें तो अभिमानानें दाखवितात. फुप्फुसांतील वणाचें तसें नाहीं. वण पडलेली जागा श्वासाबरोबर फुगत नाहीं, व तिच्यांतून प्राणवायूहि नीट जात नाहीं. हा रोग बहुधा दहा किंवा अधिक वर्षें धूळ खाल्ल्यावर प्रकट होतो. धूळ फार असली तर त्याआधींहि होतो. पहिल्यानें जिना चढतांना दम लागतो, कोरडा खोंकला येतो, आणि माणूस म्हणतो, “वय झालें.” शिवाय काम सोडलें तरी रोग पुढें सरकत राहूं शकतो, कारण आंत गेलेले कण आपलें काम सोडीत नाहींत. अशा फुप्फुसांत क्षयाचे जंतु लवकर घर करितात. आणि गारेची धूळ कर्करोगासहि कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९७ सालीं दिला.

वणवा विझवून समई लावतां आली तर किती बरें होईल, असा विचार येथें सहज सुचतो. शास्त्रज्ञांसहि तो सुचला. जन्मतःच फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आवळलेल्या असल्यामुळें निळ्या पडणाऱ्या कांहीं बालकांस हा वायु हवेच्या दहा लाख भागांत वीस भाग या प्रमाणांत हुंगावयास देतात. अमेरिकेंत १९९९ सालीं या उपचारास मान्यता मिळाली व त्यानें अनेक बालकांस मोठ्या संकटांतून तारलें. परंतु फुप्फुसांत वण पडलेल्या मोठ्या माणसांस हाच वायु देऊन जो मोठा प्रयोग झाला, त्याचा २०२३ सालीं हातीं आलेला निकाल निराशेचा होता. अपेक्षिलेला लाभ दिसून आला नाहीं. कारण अज्ञात असलेल्या फुप्फुसांच्या तंतुरोगावर २०१४ पासून पिरफेनिडोन व निंटेडॅनिब हीं दोन औषधें मान्य झालीं आहेत. तीं रोगाची गति मंद करितात, पण पडलेला वण पुसूं शकत नाहींत. सिलिकोसिस समूळ बरा करणारें औषध आजपर्यंत सांपडलेलें नाहीं. म्हणून शास्त्राची एवढी वाट चालून आल्यावर आम्ही पुनः त्या कारखान्याच्या दारांतच येऊन उभे राहतों. कण आंत शिरूं न देणें हाच खरा उपाय.

हें ज्ञान नवें नाहीं. इटलींतील वैद्य रामाझिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला व प्रत्येक रोग्यास ‘तुझा धंदा कोणता?’ असें विचारण्याचा धडा वैद्यांस घालून दिला. आपल्या देशांत कोलारच्या सोन्याच्या खाणींतील कामगारांत सिलिकोसिस असल्याची नोंद १९३४ सालची आहे. मध्य प्रदेशांतील मंदसौर येथें पाटीवरच्या दगडी पेन्सिली कापणारे कित्येक कामगार भर तारुण्यांत या रोगानें दगावले. ज्या पेन्सिलीनें आम्हीं ‘ग म भ न’ गिरविलें, तसल्या पेन्सिलींची ही किंमत कोणी तरी आपल्या श्वासानें भरीत होतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें सिलिकोसिस हा सरकारास कळविणें बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादींत घातला, आणि २०२० च्या संहितेंतहि तो त्या यादींत आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनीं १९९५ सालीं हा रोग जगांतून नाहींसा करण्याचा संकल्प सोडला व त्यासाठीं २०३० हें वर्ष डोळ्यांपुढें ठेविलें.

मग प्रत्यक्ष करावें तें काय? सर्वांत स्वस्त औषध पाणी. कोरडी वाळू झाडण्यापूर्वीं जमीन ओली करावी, म्हणजे पीठ उडत नाहीं. वितळलेल्या लोखंडाजवळ मात्र पाणी नेणें जिवावरचें असतें, म्हणून कोठें शिंपावें व कोठें नाहीं हें जाणत्यानेंच ठरवावें. दुसरें, जेथें साचा फोडतात व कडा घांसतात तेथेंच धूळ ओढून घेणारे पंखे व नळ बसवावेत. सर्व दालनांत पसरल्यावर ती गोळा करणें व्यर्थ आहे. अमेरिकेंत २०१६ च्या नियमानें एक घनमीटर हवेंत या धुळीचे ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखांश भागाच्या पन्नासपट, एवढीच सरासरी आठ तासांच्या पाळीस चालते. यावरून किती थोडी धूळ पुरेशी आहे हें ध्यानांत येईल. तिसरें, वस्तु साफ करण्यास वाळूचा मारा न करितां पोलादाच्या बारीक गोळ्यांचा करावा.

कामगार बंधूंस आमची विनंति अशी. पाळी संपल्यावर हवेच्या नळीनें कपडे झटकण्याची जी संवय आहे ती सोडावी. तिनें कपड्यांवरची धूळ सरळ नाकांत जाते. तोंडास बांधलेला रुमाल मोठे कण अडवितो, पण जे अडवावयाचे ते त्यांतून निघून जातात. यासाठीं चेहऱ्यास घट्ट बसणारा, बारीक कण अडविणारा मुखवटाच पाहिजे. आणि तोहि शेवटचा उपाय समजावा, पहिला नव्हे. कामाचे कपडे शक्यतों कारखान्यांतच बदलावेत, नाहीं तर ते घरीं झटकले जातात व धूळ लहान मुलांच्या वांट्यास येते. विडी सोडावी. छातीचें क्ष-किरण चित्र ठराविक मुदतीनें काढवावें व मागील चित्रें जपून ठेवावींत. आणि दम किंवा खोंकला यांसाठीं डॉक्टरांकडे गेल्यास, त्यांनीं न विचारलें तरी, आपण किती वर्षें कोणत्या खात्यांत काम करितों हें आधीं सांगावें. सिलिकोसिसचें चित्र व क्षयाचें चित्र पुष्कळ वेळां सारखें दिसतें. धंदा न सांगितल्यामुळें एका रोगाचें औषध दुसऱ्यास दिलें जाण्याचा संभव असतो.

हें सर्व लिहिण्यांत कोणी आपला धंदा सोडावा असा आमचा हेतु नाहीं. ओतकाम हें मानाचें काम आहे. तें नसतें तर आपल्या विहिरीवरचें इंजिन व रस्त्यावरची मोटार दोन्हीं नसतीं. एवढेंच कीं, लोखंड ओतण्याच्या मजुरींत फुप्फुसाची किंमत धरलेली नाहीं, व ती कोणी धरूंहि नये.

त्या दिवशीं कारखान्याच्या फाटकाबाहेर आल्यावर आम्हीं त्या मुलास जमेल तेवढें उत्तर दिलें: आंत गेलेली धूळ निघत नाहीं, कारण तिला काढणारेच मरतात, आणि त्यांनीं लावलेल्या वणव्यांत घर जळतें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, मग ते काका कोरडंच का झाडत होते?”

या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. तें आम्ही मोठ्या माणसांनीं द्यावयाचें आहे, आणि तें शब्दांनीं देऊन भागणार नाहीं.